जुनी माउंटन स्नोमोबाइल घेताना आणि सांभाळताना

जुनी स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, बघायला निघण्याआधी मी विकणाऱ्याला फोनवर एकच विनंती करते: मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर हातमोजा काढते आणि सगळ्यात आधी एक्झॉस्टच्या डब्याला हात लावते. गार लागला तर पुढचं बोलायचं. कोमट लागला तर दोन-तीन तास थांबायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी यायचं. तापलेलं टू-स्ट्रोक इंजिन आपली बरीचशी दुखणी झाकून ठेवतं. रात्रभर थंडीत उभं राहिलेल्या इंजिनाला ते जमत नाही.

हा आग्रह मी एका दिवसात शिकले. माझी पहिली जुनी गाडी दिसायला देखणी होती. प्लास्टिक चकचकीत, हँडलच्या मुठी नव्या, स्टिकरही नवे. विकणाऱ्याने ती आधीच तापवून ठेवली होती आणि दोरी ओढताच ती सुरू झाली. तिसऱ्या फेरीला, गाड्या लावल्या होत्या तिथून १७ किलोमीटर आत, एका खोऱ्याच्या तळातून चढण घेताना पूर्ण थ्रॉटलवर (ॲक्सिलरेटरवर) तिचा आवाज एकदम बारीक झाला आणि ट्रॅक, म्हणजे गाडीला ढकलणारा खालचा रुंद रबरी पट्टा, जागीच थांबला. दोरी ओढून पाहिली तर हलेना. दुपारचे तीन वाजले होते, दोन तासांत अंधार पडणार होता आणि गाडीवरून उतरलं की छातीपर्यंत बर्फात रुतायला होत होतं. माझा धाकटा दीर बरोबर होता म्हणून त्याच्या गाडीवर बसून आम्ही रात्री बाहेर पडलो. माझी गाडी ओढून आणायला आणखी दोन दिवस गेले. इंजिन उघडलं तेव्हा कारण सापडलं ते नखाएवढं: क्लचच्या बाजूच्या क्रँक सीलची, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवती हवा अडवणाऱ्या कड्याची, रबरी कड कडक होऊन चिरली होती.

टू-स्ट्रोकमध्ये सिलिंडरकडे जाणारी हवा आधी क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीतून, जाते. सील चिरलं की मोजणीत नसलेली हवा आत शिरते, पेट्रोल मात्र तेवढंच राहतं. मिश्रण लीन होतं, पिस्टनची एक्झॉस्टकडची बाजू भाजते आणि तिचं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला चिकटतं. विकणाऱ्याने फसवलं असं मला वाटत नाही, त्यालाही हे ठाऊक नसणार. पण तेव्हापासून मी गाडीचा चेहरा बघत नाही. पुसायला कोणाचा हात पोचत नाही त्या जागा बघते.

किलोमीटरचा आकडा आणि त्याचा अर्थ

माउंटन गाडी म्हणजे लांब ट्रॅकची, हलक्या बांध्याची गाडी. ट्रॅकची लांबी साधारण १४६ ते १७५ इंच, त्यावरचे रबरी दात अडीच ते तीन इंच उंच, आणि इंजिन बहुतेक वेळा ६०० ते ८५० सीसीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक. मऊ, खोल बर्फात चढताना हे इंजिन ८,००० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास सलग कितीतरी मिनिटं राबतं. म्हणून सपाट वाटेवर चाललेल्या गाडीचे ५,००० किलोमीटर आणि डोंगरात चाललेल्या गाडीचे ५,००० किलोमीटर सारखे नाहीत.

मीटरवर तास दिसत असतील तर किलोमीटरना तासांनी भागा. २,४०० किलोमीटर आणि १२० तास म्हणजे सरासरी ताशी २० किलोमीटर. ही गाडी खोल बर्फात घुसळली गेली आहे, किंवा बराच वेळ नुसती आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन चालू ठेवून, उभी राहिली आहे. यातलं काय ते विचारायचं. प्रश्न साधे ठेवावेत: पिस्टन कधी बदलले, कोणी बदलले, का बदलले? ठरलेल्या किलोमीटरवर आपणहून पिस्टन-रिंगा बदलणारा मालक मला आवडतो. "इंजिन नवंच बांधलंय" एवढंच सांगून गप्प होणाऱ्याला मी पुन्हा विचारते की आधीचं का गेलं. कारण दुरुस्त न करता नुसते पिस्टन बदलले असतील तर नवे पिस्टनही त्याच वाटेने जातात. माझ्या त्या गाडीत सील तसंच ठेवून पिस्टन बसवले असते तर नेमकं हेच झालं असतं.

बाहेरून टर्बो किंवा वेगळा एक्झॉस्ट बसवलेली गाडी मी सहसा घेत नाही. तुम्हाला घ्यायची असेल तर मूळ सुटे भाग खोक्यात जपून ठेवले आहेत का ते विचारा. ते जपलेले असले तर मालकाची वृत्ती कळते. कारखान्यातूनच टर्बो लागून आलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी, त्यांचं इंजिन त्या दाबासाठी जुळवलेलं असतं.

मॉडेल निवडताना सुट्या भागांचाही विचार करावा. यामाहाने २०२३ मध्ये स्नोमोबाइलचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि उत्तर अमेरिकेसाठी २०२५ चं मॉडेल शेवटचं ठरवलं. त्यामुळे ती गाडी वाईट ठरत नाही. पण पुढच्या दहा वर्षांत लागणारे भाग कुठून मिळतील हे आजच विचारून ठेवलेलं बरं.

थंड इंजिनाची दोरी

किल स्विच (इंजिन बंद करणारं बटण) बंद ठेवून दोरी सावकाश ओढा. दोन सिलिंडरचे दोन स्पष्ट अडथळे हाताला लागले पाहिजेत, दोन्ही सारखेच. एक अडथळा बोथट वाटला की मी मनात खूण करते आणि दाबाचं मीटर लावेपर्यंत तोंडाने काही बोलत नाही.

मग सुरू करा. खूप थंडीत चार-पाच झटके लागणं काही वावगं नाही. पहिली दोन मिनिटं निळसर धूर येणार, तो तेलाचा. इंजिन तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कुलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) सिलिंडरमध्ये जातंय. आयडल एका जागी स्थिर राहिला पाहिजे. तो हळूहळू आपोआप वर चढत असेल तर कुठूनतरी हवा ओढली जातेय, आणि माझ्या अनुभवाने हीच सगळ्यात गंभीर खूण. आयडलवर ट्रॅक फिरता कामा नये. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आरपीएम बदलतो का ते पाहा. अनेकांनी हँडल उंच केलेलं असतं आणि थ्रॉटलची केबल, ब्रेकची नळी, वायरी तेवढ्याच लांबीच्या राहतात. वळवताना केबल ताणली गेली तर वळणावर गाडी आपोआप वेग घेते. थ्रॉटल सोडताच लिव्हर खटकन परत आला पाहिजे. तो रेंगाळत असेल तर तिथेच थांबा, गाडी चालवून पाहू नका.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते. इंजिन थोडं तापू द्या, मग बंद करा. दोन्ही प्लग काढा, प्लगच्या टोप्यांना व्यवस्थित अर्थिंग द्या, थ्रॉटल पूर्ण उघडा, मीटर लावा आणि सुई चढायची थांबेपर्यंत दोरी ओढा. सहा-आठ झटके लागतात. आकडा इंजिनागणिक वेगळा असतो, म्हणून त्या मॉडेलचा आकडा आधी पाहून जा. दोन सिलिंडरमधला फरक मात्र कुठल्याही इंजिनात दहा टक्क्यांच्या आत हवा. उंचीवर आकडा कमी येतो हे विसरू नका, कारण हवाच विरळ असते. समुद्रसपाटीला १२५ पीएसआय दाखवणारं तेच इंजिन ३,००० मीटरवर ९० च्या आसपास दाखवेल. हे ठाऊक नसल्यामुळे चांगली गाडी सोडून येणारे लोक मी पाहिले आहेत.

प्लग बाहेर आहेतच तर बॅटरीच्या उजेडात निरखून पाहा. फिकट तपकिरी चिनीमाती चांगली. पांढरीफटक म्हणजे लीन. पांढऱ्या भागावर चंदेरी ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, त्यानंतर किंमत कितीही उतरली तरी इंजिन उघडण्याचा खर्च धरूनच बोलायचं.

कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून इंजिन चांगलं, असं मी मानत नाही. पिस्टनच्या अंगावर खोल ओरखडे असतानाही रिंगा दाब धरून ठेवतात. म्हणून शक्य असेल तर एक्झॉस्टचे स्प्रिंग काढून पाइप बाजूला करते आणि एक्झॉस्टच्या तोंडातून आत पाहते. दोरी हळूहळू ओढली की पिस्टन समोरून वर-खाली जातो. त्याचं अंग राखाडी, गुळगुळीत हवं. उभ्या रेघा, चकाकणारे पट्टे, चिकटून बसलेली रिंग, यातलं काहीही दिसलं तर ते पूर्वी एकदा भाजलेलं इंजिन आहे. पॉवर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचं तोंड लहान-मोठं करणारी झडप) असलेल्या इंजिनात तो काढून त्या खिडकीतूनही पाहता येतं, आणि तो किती काळवंडलाय यावरून त्याची साफसफाई होत होती की नाही तेही कळतं.

क्रँक सीलची खात्री दाबाच्या चाचणीनेच होते. इनटेक, एक्झॉस्ट आणि पॉवर व्हॉल्व्हची तोंडं रबरी बुचांनी बंद करायची, हातपंपाने सहा-सात पीएसआय एवढा हलका दाब द्यायचा आणि काही मिनिटं सुई हलते का ते पाहायचं. यापेक्षा जास्त दाब देऊ नका, चांगलं सीलही उचकटेल. सुई उतरली तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे. दारात उभं राहून अनोळखी माणसाच्या गाडीवर हे करता येत नाही, हे मान्य. पण विकणारा तयार असेल तर अर्धा दिवस खर्च करा. तयार नसेल तर गाडी घेतल्यावर, पहिल्या बर्फाच्या आधी करा. मी दरवर्षी करते.

क्लच आणि बेल्ट

इंजिनाची ताकद पुढच्या क्लचच्या पुलीवरून मागच्या क्लचच्या पुलीवर नेणारा रबरी पट्टा म्हणजे बेल्ट. डोंगरात बंद पडलेल्या गाड्यांपैकी मी स्वतः पाहिलेल्या बहुतेक बेल्टमुळे थांबल्या होत्या. बेल्ट तुटण्यामागे मात्र बेल्ट क्वचितच असतो. तो का तुटला ते क्लच सांगतात, म्हणून या भागाला मी घाई करत नाही.

बाजूचं पॅनेल काढा. आतल्या कोपऱ्यांत काळी भुकटी साचली असेल तर बेल्ट घसरतोय, भाजतोय. बेल्ट काढून वाकवून पाहा: दातांच्या मुळाशी चिरा, सुटलेले धागे, चकाकणारी बाजू. एकाच जागी भाजलेला खड्डा दिसला तर ट्रॅक गोठून बसलेला असताना कोणीतरी थ्रॉटल दिलाय. पुढचा क्लच फिरला, बेल्ट जागीच घासला. सकाळी गाडी सुरू करण्याआधी मागची बाजू उचलून आपटायची आणि ट्रॅक सुटा करायचा, ही सवय याचसाठी.

बेल्ट बाहेर असताना पुढच्या क्लचची सरकती बाजू दोन्ही हातांनी धरून हलवा. ती खुळखुळत असेल तर बुश झिजले आहेत. रोलर बोटाने फिरवा, सपाट डाग लागतो का पाहा. क्लचमधल्या वजनांच्या अंगावर खाच पडली असेल तर ती खाच क्लचला दर वेळी त्याच आरपीएमवर अडखळवणार. पुलीच्या चेहऱ्यावर नख फिरवा, पायरी लागली तर पुली गेली. मागच्या क्लचचे सरकते बटण किंवा रोलरही असेच पाहायचे. बेल्ट बसवल्यावर मागच्या पुलीत त्याची वरची कड पुलीच्या काठाबरोबर किंवा अगदी किंचित वर असावी. खाली बसला तर गाडी उशिरा निघते. खूप वर असला तर आयडलवरच ट्रॅक ओढू लागते.

दोन क्लच एका रेषेत नसतील तर नवा बेल्टही टिकत नाही. आणि रेषा बिघडण्याचं कारण अनेकदा क्लचमध्ये नसून इंजिनाच्या रबरी माउंटमध्ये असतं. एक लाकडी दांडका घालून इंजिन हलकंसं उचकवून पाहा, रबर फाटलेलं असेल तर इंजिन सहज हलतं. पूर्ण थ्रॉटलवर बेल्टच्या ओढीने ते तिरकं होतं आणि बेल्टची एक कड खाल्ली जाते.

एक प्रश्न जवळजवळ कोणीच विचारत नाही: ही गाडी कुठल्या उंचीवर चालत होती? इंधन-इंजेक्शनचा संगणक उंचीप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त करतो, पण क्लचमधली वजनं आणि स्प्रिंग आपोआप बदलत नाहीत. २,५०० मीटरच्या वर चालवण्यासाठी हलकी वजनं लावलेली गाडी खाली आणली तर इंजिन ठरलेल्या आरपीएमच्या वर पळतं. उलट झालं तर ते चढणीवर दमतं आणि आरपीएम गाठतच नाही. कुठली वजनं लावली आहेत ते विचारून लिहून घ्या.

घरी आणल्यावर मी पुल्यांचे चेहरे खरबरीत हिरव्या घासणीने आणि ब्रेक क्लीनरने पुसते. तेलकट फडकं क्लचजवळ नेऊ नका. नवा बेल्ट घालताना त्याच्या बाजूही साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवते आणि पहिले ५० किलोमीटर सौम्य चालवते, थ्रॉटल कमी-जास्त करत. गाडीवर ठेवायचा जादा बेल्टही असाच आधी थोडा चालवलेला असावा. कोरा बेल्ट काढून थेट चढणीवर घातला की तो लवकर जातो.

बांधा, ट्रॅक आणि खालची बाजू

गाडीखाली आडवं होऊन पाहायची लाज बाळगू नका. ज्या लांब ॲल्युमिनियमच्या कवचाखाली ट्रॅक फिरतो त्याला टनेल म्हणतात. त्यावरचे रिव्हेट पाहा. रिव्हेटभोवती काळसर राखेचं वलय दिसलं तर तो रिव्हेट सैल आहे आणि दोन पत्रे एकमेकांवर घासताहेत. एखाद-दुसरा बदलता येतो. एका ओळीत सहा-सात तसे असतील तर गाडी कशावरतरी जोरात आदळली आहे. पुढच्या स्कीचे हात जिथे बांध्याला जोडलेले असतात तिथे नवा रंग दिसला की मी थांबते. पाय ठेवायच्या पट्ट्या वाकलेल्या असणं डोंगरात नेहमीचं, त्याने घाबरू नका. टनेल मात्र मागून डोळा लावून पाहिलं तर सरळ दिसलं पाहिजे.

स्की हाताने धरून पुढे-मागे, वर-खाली हलवा. बॉल जॉइंट आणि टाय रॉडचा खुळखुळाट लगेच हाताला लागतो. शॉकच्या दांड्यावर तेल आणि त्यावर चिकटलेला मळ असेल तर सील गेलं.

ट्रॅक पूर्ण एक फेरा फिरवून पाहावा लागतो, अर्धा नाही. दात उपटलेत का, धातूच्या क्लिपा पडल्यात का, कडेला रबर फाटलंय का. आडव्या दांड्या फायबरच्या असतात. तुटलेली दांडी बाहेरून दिसत नाही, पण त्या जागी ट्रॅक हाताने मुडपला जातो. एक दांडी तुटली तर शेजारच्यांवर भार येतो. ट्रॅक स्टँडवर फिरवताना कोणीही मागे उभं राहू नये, तुटलेला दात किंवा क्लिप गोळीसारखी सुटते. आणि स्टँडवर फार वेळ फिरवूही नका: ट्रॅक ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो त्यांना वंगण बर्फाचंच असतं. त्या पट्ट्यांवर झिजेची रेघ असते, तिथवर आल्या की बदलायच्या.

इंजिन गार करायचं कामही बर्फच करतो. टनेलच्या आत कुलंटच्या पन्हळी असतात आणि ट्रॅकने उडवलेला बर्फ त्यांच्यावर आपटतो. तुटका दात लागून या पन्हळीला भोक पडू शकतं. बॅटरी घेऊन वर बघा, ॲल्युमिनियमवर हिरवा किंवा नारिंगी ओघळ सुकलेला दिसतोय का. हा भाग बदलायला जवळजवळ सगळं मागचं अंग उतरवावं लागतं.

मागच्या चाकांची बेअरिंग एकेक फिरवून ऐका. खरखर आली तर बदलायची, काम स्वस्त आहे. ट्रॅक चालवणाऱ्या मुख्य दांड्याच्या दोन बेअरिंगचं तसं नाही. ती फुटली तर ब्रेक, चेनकेस (ट्रॅकला ताकद देणाऱ्या चेनचा डबा), ट्रॅक सगळंच धोक्यात येतं, म्हणून त्यांच्याजवळ गंज आणि सुटलेलं ग्रीस नीट बघा.

चेनकेस असलेल्या गाडीत तेल काढून झाकणाच्या किंवा बुचाच्या चुंबकावर काय आलंय ते पाहा. बारीक राखाडी लेप चालतो. बोटात टोचणारे तुकडे चालत नाहीत. चेनऐवजी दातांचा पट्टाही असतो. पोलारिसने २०१३ च्या मॉडेलपासून प्रो-आरएमकेमध्ये तो दिला. त्यात तेलाची भानगड नाही, पण दातांच्या मुळाशी चिरा पाहायच्या.

व्यवहार ठरवण्याआधी टनेलवर कोरलेला चेसिस नंबर कागदांवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहा आणि त्या नंबरावर कंपनीने एखादा दोष दुरुस्तीसाठी गाडी परत बोलावली होती का, ते विचारा. त्या दुरुस्त्या बहुधा फुकट असतात आणि पुष्कळ मालक त्या करून घेत नाहीत.

घरी आणल्यावर

मागच्या मालकाने काल तेल बदललं असं सांगितलं तरी मी सगळी द्रव्यं नवी भरते. चेनकेसचं तेल, ब्रेकचं डॉट-४ द्रव, कुलंट, पेट्रोलचा फिल्टर, प्लग. काही थेट इंजेक्शनच्या इंजिनांत प्लगचं तोंड विशिष्ट दिशेला ठेवून बसवावं लागतं, पुस्तिका पाहूनच हात घाला. कुलंट भरल्यावर गाडीचं नाक उंच करून हवा बाहेर काढा. हवेचा एक फुगा राहिला तरी इंजिन एका बाजूने तापतं.

तेलाच्या पंपाकडे विशेष लक्ष द्या. केबलने चालणारा पंप असेल तर त्यावरच्या दोन खुणा पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे जुळल्या पाहिजेत. नळ्यांत बुडबुडे नकोत. पहिल्या दोन-तीन टाक्यांना तेल किती घटलं ते मी टाकीवर पट्टी चिकटवून मोजते. पेट्रोलची टाकी संपली आणि तेल हललंच नाही, तर पुढची फेरी रद्द.

चेन ताणताना बोल्ट हाताने घट्ट करून पाव फेरा मागे घ्यायचा, ही पद्धत बऱ्याच गाड्यांना लागू पडते. ट्रॅकचा ताण मोजताना मधोमध साधारण साडेचार किलोचं वजन टांगून तो किती झोळतो ते पाहतात. किती झोळावा हे पुस्तिकेत असतं. फार घट्ट ट्रॅक ताकद खातो, फार सैल ट्रॅक चालकचाकावरून दात सोडून उडतो. मग मागून सावकाश फिरवून दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का पाहा आणि मागच्या धुरीच्या बोल्टांनी ती सारखी करा.

ग्रीस बंदूक सगळ्या तोंडांना लावा, जुनं पाणी मिसळलेलं ग्रीस बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत. थंडीसाठीचं ग्रीसच वापरा, साधं ग्रीस उणे वीसमध्ये मेणासारखं होतं.

डोंगरात

सकाळी इंजिन सुरू झालं की निघायची घाई होते, विशेषतः ताजा बर्फ पडलेला असेल तेव्हा. तेव्हाच थांबायचं. पिस्टन लवकर तापून फुगतो, भोवतीचा सिलिंडर अजून थंड असतो. अशात जोर दिला तर पिस्टन चार कोपऱ्यांवर घासून अडकतो. कुलंट ४० अंशांच्या वर जाईपर्यंत मी चढणीकडे बघतही नाही. जेवायला तासभर थांबलो तर पुन्हा तेच.

परतीची वाट कडक, घट्ट झालेली असते. तिथे बर्फ उडत नाही, म्हणजे इंजिनही गार होत नाही आणि खालच्या पट्ट्याही कोरड्या पडतात. ट्रॅकच्या बाजूला लावलेले बर्फ खरवडणारे तारेचे आकडे तेव्हा खाली सोडा. नसतील तर बसवून घ्या, आणि तोवर अधूनमधून कडेच्या मऊ बर्फात गाडी घाला. गाडी रिव्हर्समध्ये घेण्याआधी आकडे वर करायला विसरू नका.

गाडी उलटली आणि इंजिनात पेट्रोल भरलं तर दोरी ओढून दमू नका. किल स्विच बंद, प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून दोरी ओढायची. ठिणगी चालू असताना हे करू नका, उडणारं पेट्रोल पेट घेतं. प्लग पुसून किंवा नवे घालून पुन्हा प्रयत्न करा.

माझ्या गाडीवर नेहमी असतं ते: जादा बेल्ट, बेल्ट काढायचं हत्यार, चार प्लग, प्लग पाना, ओढायची दोरी, घडीची करवत, तार, झिप टाय, कोरडे हातमोजे, डोक्याचा दिवा. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं गाडीवर ठेवायचं नाही, ते अंगावर आणि पाठीवरच्या पिशवीत. हिमकडा सुटला तर गाडी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे जातो. ट्रान्सीव्हर फोनपासून दूर ठेवा. एकट्याने जाऊ नका.

हंगाम संपल्यावर

पुढच्या हिवाळ्यातला विश्वास उन्हाळ्याच्या तोंडावरच कमावला जातो. गाडी धुऊन वाळवा, मग लगेच पुन्हा ग्रीस द्या, कारण धुताना पाणी बेअरिंगपर्यंत जातं. टाकीत स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव) घालून इंजिन दहा मिनिटं चालवा म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचेल. मग इंजिनात फॉगिंग तेल, म्हणजे आतून गंज धरू नये म्हणून फवारायचं तेल. काही नव्या इंजिनांत हे काम मीटरवरून सांगितलं की संगणक स्वतः करतो. बेल्ट काढून सपाट ठेवा. ट्रॅकचा ताण सैल करून मागची बाजू जमिनीपासून उचलून ठेवा. बॅटरी काढून घरात चार्जरवर.

उंदरांना एअरबॉक्स फार आवडतो. एका वर्षी मी हवेच्या तोंडातून मूठभर चिंध्या आणि गवत काढलं होतं. तेव्हापासून हवेचं तोंड आणि एक्झॉस्ट, दोन्हीत मी पोलादी लोकर कोंबते, आणि लाल चिकटपट्टीवर "लोकर काढ" असं लिहून ती किल स्विचवर आडवी लावते, म्हणजे ती फाडल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही.